उभी गाडी

गाडी बघायला सकाळी साडेसहालाच जायचं, ही आमच्या मिस्त्रीकाकांची अट. विकणाऱ्यांनी अकराची वेळ दिली होती. "अकरापर्यंत ते इंजिन तापवून ठेवतील," काका म्हणाले. "थंड असताना बघायची. माणूस झोपेतून उठल्यावर कसा खोकतो, ते ऐकायचं असतं."

गाडी गिरगावातल्या खेतवाडीतली. २०१२ची पेट्रोल सेडान, एकाच हाताची. मालक ऐंशीच्या घरातले. मीटरवर ३१,४०० किलोमीटर. गोष्ट २०२३ची, म्हणजे अकरा वर्षांत दिवसाला आठ किलोमीटरसुद्धा नाहीत. मी मनातल्या मनात पेढे वाटले. काकांचा चेहरा मात्र पडला. "एवढीच चाललीय?"

काकांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गार. मग ऑइलचं झाकण उघडून मला आतली बाजू दाखवली. तिथे पिवळट सायीसारखा थर होता. कूलंटमध्ये ऑइल उतरलंय का, तेही त्यांनी पाहिलं. ते स्वच्छ निघालं, म्हणजे गॅस्केट शाबूत. साय होती ती नुसत्या दमटपणाची. गाडी चर्नी रोडला जाऊन परत आली की इंजिन पुरतं तापतच नाही. आतली वाफ बाहेर पडत नाही, तिथेच पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. इथे चारही टायरवर १८१२ होतं, म्हणजे २०१२ सालचा अठरावा आठवडा. नक्षी जवळजवळ नवी, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा. "झिजलेले नाहीत, वाळलेत," काका म्हणाले. दारांवर ते बोटाच्या पेराने टकटक करत गेले. मागच्या उजव्या दाराचा आवाज बसका आला. तिथे पुट्टी होती. हातगाडी घासली असणार. आमच्याकडच्या गल्ल्यांत ते चालायचंच. डिकीतलं स्टेपनीचं चाक उचललं, तर खाली गंज. चौपाटीची हवा आपल्याला छान वाटते, पत्र्याला नाही.

शेवटी त्यांनी सीटबेल्ट मुळापर्यंत ओढून वास घेतला. ही सवय २००५ची. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. गिरगाव तसं कोरडंच राहिलं, पण उपनगरांत बुडालेल्या गाड्या पुढची दोन-तीन वर्षं पॉलिश होऊन काकांच्या गॅरेजसमोर येत राहिल्या. सीट धुता येते, गालिचा बदलता येतो. बेल्टच्या शेवटच्या वीतभर पट्टीतला चिखल मात्र कुणी धूत नाही.

"कमी चाललेली गाडी तुम्हाला का नको?" मी विचारलं. काका फियाटवर शिकलेले. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ती प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, गियरचा दांडा स्टिअरिंगला. प्रार्थना समाजच्या नाक्यावरच्या कितीतरी टॅक्स्या त्यांच्या हाताखालून गेल्या. दिवसाचा ड्रायव्हर वेगळा, रात्रीचा वेगळा. कधी पाणी तापायचं, कधी क्लच प्लेट जायची. पण गाडी रोज कुणाच्या तरी हाताखाली असल्यामुळे दुखणं पहिल्याच दिवशी कळायचं. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची नोंद आमच्या ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला झाली, आणि वीस वर्षांची मर्यादा पुरी करून ती २०२३मध्ये उतरली. वीस वर्षं टॅक्सी म्हणून! उभ्या गाडीचं दुखणं कुणाला कळणार? वर काकांनी जोडलं, "घर बंद ठेवलं की भिंतीला ओल येते ना, तसं."

तरीही घेतली. चार टायर आणि बॅटरीचे पैसे किमतीतून वजा झाले. फॉर्म २९ आणि ३० भरून ती माझ्या नावावर आली, आणि मुगभाटातल्या आमच्या चाळीसमोर उभी राहिली. उभीच राहिली, कारण मीही गिरगावकर. गिरगावात गाडी न काढण्याचं कारण पेट्रोल नव्हे, पार्किंग. रात्री अकराला कसरत करून मिळवलेली जागा दादरला मावशीकडे जाण्यासाठी कोण सोडणार? मावशीकडे टॅक्सीने जातात. स्वतःची गाडी जागा राखायला ठेवतात.

पहिल्या पावसाळ्यात ब्रेकच्या चकत्यांवर तांबूस गंज चढला. श्रावणात उंदरांनी वायर कुरतडली, दोन हजार गेले. मग एसीचा गॅस उडाला. कॉम्प्रेसर चालला नाही की आतल्या रबरी सील सुकतात, हे मला तेव्हा कळलं. इंजिन, गियरबॉक्स, क्लच यांनी एकदाही दगा दिला नाही. जे गेलं ते सगळं उभं राहून.

कोस्टल रोड दोन्ही दिशांना सुरू झाला, आणि मी रविवारी सकाळी गाडी काढायला लागलो. मरीन ड्राइव्हवरून बोगद्यात शिरायचं, वरळी गाठायची, परत यायचं. तापमानाचा काटा मध्यावर येऊन अर्धा तास तिथेच राहिला पाहिजे. परत येईस्तोवर जागा गेलेली असतेच. मग गल्लीच्या तीन फेऱ्या. शेजारचे आप्पा गॅलरीतून विचारतात, "झालं का गाडीला फिरवून?" कुत्र्याबद्दल विचारावं तसं.

झाकणाखालची साय गेली.

काकांचा वर्षातला सगळ्यात धांदलीचा दिवस म्हणजे अनंत चतुर्दशीची आदली संध्याकाळ. चौपाटीकडे जाणारे रस्ते मोकळे करायचे असतात, त्यामुळे वर्षभर हललेल्या नसतात त्या गाड्यासुद्धा हलवाव्या लागतात. गल्लीभर सेल्फचा तो दमलेला कुरकुर आवाज. जंपरच्या तारा खांद्यावर टाकून काका या बॉनेटवरून त्या बॉनेटवर. यंदा माझी गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. मी काच खाली करून काकांना ऐटीत हाक मारली.

त्यांनी तारा खाली ठेवल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या चाकाकडे बोट केलं. टायर जमिनीला टेकला होता. आत मांडवाचा खिळा.