संगणकातील फाईल ‘करप्ट’ झाली? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

दूध संकलन केंद्रावर सायंकाळची गर्दी असते, संगणकावर नोंदी सुरू असतात आणि तेवढ्यात लाईट जाते. तासाभराने लाईट येते, संगणकही चालू होतो. पण दहा दिवसांच्या बिलांचं फोल्डर काही उघडत नाही. फाईल किंवा फोल्डर खराब झालं आहे, वाचता येत नाही, असा इंग्रजी संदेश पडद्यावर येतो. मग कुणीतरी सल्ला देतं, “फॉरमॅट मारा, होईल सुरळीत.” खरं नुकसान बऱ्याचदा इथेच होतं.

अशी वेळ शाळा, सेवा केंद्र, पतसंस्था, फोटो स्टुडिओ अशी कुठेही येऊ शकते. फोल्डर उघडत नाही याचा अर्थ आतली माहिती गेलीच, असा नसतो. घाई न करता क्रमाने पावलं टाकली, तर अनेकदा ती परत मिळते.

नेमकं बिघडतं काय?

हार्ड डिस्कवर एक तर खुद्द माहिती असते आणि दुसरी असते त्या माहितीची नोंदवही. कोणती फाईल डिस्कवर नेमकी कुठे आहे, हे या नोंदवहीत लिहिलेलं असतं. सातबाऱ्याचा कागद फाटला म्हणून शेत वाहून जात नाही, तसंच इथे आहे. नोंद बिघडली की संगणकाला फाईल सापडत नाही, पण माहिती जागेवर असू शकते.

लिहिण्याचं काम चालू असताना वीज गेली, तर ही नोंद अर्धवट राहते. विंडोजच्या ‘एनटीएफएस’ पद्धतीत चाललेल्या बदलांची वेगळी टिपण ठेवलेली असते, त्यामुळे धोका कमी होतो. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डवर बहुधा ‘फॅट ३२’ किंवा ‘एक्सफॅट’ पद्धत असते. तिथे ही सोय नाही, म्हणून पेन ड्राइव्ह मध्येच ओढून काढला की फाईली लवकर बिघडतात.

सगळ्यात आधी काय करावं?

१. पडद्यावर आलेल्या संदेशाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दुरुस्ती करणाऱ्याला तो उपयोगी पडतो.

२. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं, तर ‘कॅन्सल’ दाबा. ‘क्विक फॉरमॅट’मध्ये नोंदवही कोरी होते. पूर्ण फॉरमॅटमध्ये तर विंडोज व्हिस्टापासून पुढे सगळ्या डिस्कवर शून्य लिहिली जातात, मग परत काही मिळत नाही.

३. त्या ड्राइव्हवर नवीन काहीही साठवू नका. जुन्या माहितीच्या जागेवर नवीन लिहिलं गेलं, की जुनी कायमची जाते.

४. बाहेरून जोडायची डिस्क असेल, तर केबल आणि पोर्ट बदलून पाहा. कधी कधी दोष एवढाच असतो.

५. डिस्कमधून टक-टक आवाज येतो का, ती मध्येच गायब होते का, याकडे लक्ष द्या. तसं असेल तर संगणक बंद करा आणि पुढचे उपाय घरी करू नका.

आधी कॉपी, मग दुरुस्ती

आवाज नसेल आणि डिस्क दिसत असेल, तर ज्या फाईली उघडतात त्या आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. दुरुस्ती करताना विंडोज बिघडलेल्या नोंदी काढूनही टाकतं, म्हणून हा क्रम चुकवू नये.

त्यानंतर ‘धिस पीसी’ उघडा. त्या ड्राइव्हवर राईट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘टूल्स’ आणि तिथे ‘चेक’ दाबा. गरज नाही असं विंडोज म्हणालं, तरी ‘स्कॅन ड्राइव्ह’ निवडता येतं. विंडोज ज्यावर चालतं त्या ‘सी’ ड्राइव्हसाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागू शकतो. मध्ये लाईट जाणार नाही अशी वेळ निवडा.

तपासणीनंतर कधी ‘फाउंड’ नावाचं लपलेलं फोल्डर तयार होतं. ज्यांची नोंद लागली नाही असे माहितीचे तुकडे त्यात ठेवलेले असतात. ते कचरा समजून पुसू नका.

वर्डची किंवा एक्सेलची एकच फाईल उघडत नसेल, तर त्या प्रोग्रॅममधून ‘ओपन’, मग ‘ब्राउज’ करून फाईल निवडा. ‘ओपन’ बटणाशेजारच्या बाणावर ‘ओपन अँड रिपेअर’ हा पर्याय मिळतो.

फोटो गेले असतील, तर ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर कामाला येतं. फोटो मिळाले तरी त्यांची मूळ नावं बहुधा परत येत नाहीत. सापडलेली माहिती नेहमी दुसऱ्या डिस्कवरच उतरवा.

हे मात्र टाळा

डिस्क आपटणं किंवा उघडून पाहणं टाळा. आतलं वाचणारं डोकं फिरत्या तबकडीपासून केसापेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. धुळीचा एक कणही नुकसान करू शकतो.

इंटरनेटवर शोधलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अनोळखी माणसाला संगणकाचा ताबा किंवा ओटीपी देऊ नका. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा. डिस्क दुकानात देताना त्यात लोकांचे आधार, बँकेचे कागद आहेत का हेही पाहा आणि माणूस खात्रीचा निवडा.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

ज्या गावात लाईटचा भरवसा नाही, तिथे यूपीएस ही चैन नव्हे, गरज आहे. पेन ड्राइव्ह काढताना ‘इजेक्ट’ करूनच काढा. महत्त्वाच्या कागदांच्या तीन प्रती ठेवा: एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या ठिकाणी किंवा ऑनलाइन. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवा, नाहीतर व्हायरस आला तर दोन्हीकडचं जातं.

रोजचा हिशोब संपला की पाच मिनिटं कॉपीला द्यावीत. बिलाच्या दिवशी लोक दारात उभे असतात, तेव्हा ही पाच मिनिटंच उपयोगी पडतात.