पेटीवरचे नाव

दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडहून लातूरला मामांकडे गेले, तेव्हा चहाच्या आधीच मामांनी एक लिफाफा माझ्यापुढे ठेवला. "काय लिवलंय बघ गं ह्याच्यात. तू कॉलेजात हायस." आमच्या घरात इंग्रजी पत्र वाचू शकणारी मी पहिलीच. पत्र एका मोठ्या शहरातील वकिलाचे होते. दोनदा वाचल्यावर अर्थ लागला तो असा : मामा आपल्या पेट्यांवर जे नाव रंगवतात, ते एका कंपनीचे नोंदलेले नाव आहे, पंधरा दिवसांत ते पुसावे, शिल्लक माल नष्ट करावा आणि भरपाई द्यावी, नाहीतर दावा लावू.

ते नाव माझ्या आजीचे आहे.

ह्या पेट्या कसल्या, ते आधी सांगते. मामा बेंजो पार्ट्यांसाठी 'इको' बनवतात. वरातीत बेंजो वाजतो, तेव्हा तारांखालच्या पिकअपमधून निघालेला बारीक विद्युतप्रवाह ह्या पत्र्याच्या पेटीत जातो. आत पीटी-२३९९ नावाची स्वस्त चिप असते. ती आवाज क्षणभर धरून ठेवते आणि पुन्हा सोडते, त्यामुळे सूर घुमल्यासारखा वाटतो. पुढे अँप्लिफायर आणि टेम्पोवरचे भोंगे. परदेशात गिटारवाले अशाच पेट्या पायाने दाबून वापरतात. त्यांना गिटार पेडल म्हणतात, आणि तिकडेही एकेका खोलीत बसून त्या बनवणारे छोटे कारागीर आहेत. ह्या धंद्याची गंमत अशी की आतली जोडणी पुष्कळशी सर्वांची सारखीच असते. गिऱ्हाईक येते ते हाताच्या सफाईवर, आणि ती सफाई ओळखायची खूण म्हणजे पेटीवरचे नाव. नाव गेले की कारागिराची कमाईच गेली.

म्हणून सुट्टीनंतर मी ग्रंथालयात बसून हा कायदा समजून घेतला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुणी मसाला कांडतो, कुणी चप्पल शिवतो, कुणी पापड विकतो. असे पत्र उद्या त्यांच्याही दारात येऊ शकते. तेव्हा मला समजले तसे येथे मांडते.

ज्या नावावरून किंवा खुणेवरून गिऱ्हाईक 'हा माल अमक्याचा' असे ओळखते, त्याला व्यापारचिन्ह म्हणतात. आज चालतो तो कायदा १९९९ चा असून १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे. नोंदणीसाठी माल व सेवांचे ४५ वर्ग पाडलेले आहेत. वाद्ये पंधराव्या वर्गात येतात, पण इको हे विजेवरचे उपकरण, म्हणून ते नवव्या वर्गात. एकट्या माणसाला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये. छाननीनंतर अर्ज व्यापारचिन्हांच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि पुढे चार महिने कोणालाही त्यास विरोध नोंदवता येतो. नोंदणी दहा वर्षे टिकते, मग नूतनीकरण करावे लागते. कंपनीचे नाव जर्नलमध्ये आले, त्या चार महिन्यांत मामा गंजगोलाईमागच्या गल्लीत पेट्या जोडत होते. ते जर्नल आमच्या गल्लीत कोण वाचतो?

नोंदणी ज्याची त्याचेच नाव, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे, नोंदणीधारकाने ते नाव वापरायला लागण्यापूर्वी आणि त्याच्या नोंदणीपूर्वीही जो ते सतत वापरत आला आहे, त्याचा वापर नोंदणीधारकाला थांबवता येत नाही. कलम २७ प्रमाणे तर ज्याची नोंदणीच नाही, त्यालाही आपल्या नावावर दुसऱ्याने माल खपवल्यास दाद मागता येते. म्हणजे कायदा कागदाइतकाच वापरालाही मान देतो.

दुसरा समज असा की आईचे नाव लावायला कोण अडवणार? कलम ३५ प्रामाणिकपणे स्वतःचे नाव लावण्याची मुभा देते, धंद्यातल्या पूर्वजाचे नावही चालते. पण आजीने कधी इको बनवला नाही. ती ज्वारीच्या रानात राबली. तिच्या नावाला ह्या कलमाचा आधार मिळणे कठीण.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. तिला घाबरून रातोरात नाव पुसू नये आणि ती फाडून चुलीतही टाकू नये. मुदतीत लेखी उत्तर द्यावे.

दोन नावे सारखी आहेत की नाहीत, हे ठरवताना न्यायालय ती शेजारी ठेवून अक्षरे मोजत नाही. सामान्य बुद्धीच्या, अर्धवट आठवण असलेल्या गिऱ्हाइकाचा घोटाळा होईल काय, हे पाहते. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' ह्या औषधांचा वाद १९६२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. नावे घोटाळा होण्याइतकी सारखी आहेत, असे न्यायालयाने म्हटले. तरीही लक्ष्मणधारा १९२३ पासून उघडपणे विकले जात होते आणि अमृतधारावाल्यांनी ते चालू दिले होते. म्हणून उत्तर प्रदेशापुरती नोंदणी त्याला मिळाली.

आपल्या पुण्यातले उदाहरण तर ताजे आहे. कॅम्पातील 'बर्गर किंग' हे उपाहारगृह १९९२ पासून चालू असल्याचे त्याचे मालक सांगतात. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ साली पुण्याच्या न्यायालयात दावा लावला. तिचे भारतातील पहिले दुकान मात्र २०१४ चे. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दावा फेटाळला. कंपनी अपिलात गेली आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने अपिलाच्या निकालापर्यंत नाव वापरण्यास मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. पहिला निकाल यायलाच तेरा वर्षे लागली. एवढी वर्षे वकिलाची फी भरत उभे राहणे किती छोट्या धंद्यांना झेपेल? खरी भीती हरण्याची नाही, लढता लढता संपून जाण्याची आहे.

ह्यावर एक उपाय म्हणजे एकत्र येणे. फेंडर ह्या बड्या गिटार कंपनीने आपल्या गिटारींच्या आकारावर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला, तेव्हा अमेरिकेतील अनेक गिटार-निर्मात्यांनी मिळून विरोध नोंदवला आणि २००९ साली फेंडरची मागणी नामंजूर झाली. आपल्या मिरजेच्या कारागिरांनी वेगळी वाट धरली. तेथील सतार आणि तानपुरा ह्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हा हक्क एका माणसाचा नसतो, त्या गावच्या कारागिरांचा मिळून असतो.

आता मामांचे पुढे काय झाले ते सांगते. कंपनी म्हणते, आम्ही हे नाव २०१५ पासून वापरतो. मामांचे नाव त्याआधीचे, पण ते सिद्ध कसे करणार? मामांनी कधी पावती फाडली नाही, सगळा व्यवहार तोंडी. ओळखीच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कागद काय आहे?" आम्ही घर उलथेपालथे केले. माळ्यावर दुरुस्तीची एक जुनी वही सापडली. तीत पेटीचा नंबर, पार्टीचे गाव, तारीख आणि आजीचे नाव मामांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात होते. पहिली नोंद २००९ ची. मग एका बेंजोवाल्याकडून २०११ च्या लग्नातला फोटो मिळाला. त्यात पेटीवरचे नाव स्वच्छ दिसते, आणि त्या लग्नाची पत्रिकाही त्याने जपून ठेवली होती.

ह्या तीन कागदांच्या जोरावर उत्तर गेले आहे. पुढे काय होईल ते अजून ठरायचे आहे. पण मला एक गोष्ट उमगली. नाव कष्टाने मिळते, ते टिकते मात्र नोंदीने. पावतीपुस्तक छापून घ्या, त्यावर नाव आणि तारीख घाला, मालाचे फोटो ठेवा, जमेल तेव्हा नोंदणीचा अर्ज करा आणि त्याआधी तेच नाव दुसऱ्याने नोंदले आहे का ते पाहा. आपण शिकलेल्या मुलामुलींनी घरच्यांसाठी एवढे तरी करावे.

मामांनी पावतीपुस्तक छापून घेतले आहे. पहिली पावती हदगावच्या पार्टीची. ती मी लिहिली आणि मामांनी खाली सही केली.