गन नको, बादली घ्या!

वीकेंडला मुळशी-ताम्हिणीच्या कच्च्या वाटांवर डर्ट बाइक चिखलात मनसोक्त लोळवून आलात? झकास! पण सोमवारी ऑफिसला जाता जाता ती वॉशिंग सेंटरवर टाकायचा बेत असेल, तर जरा थांबा. तिथली प्रेशर गन पाच मिनिटांत चिखल उडवते खरी, पण तीच धार जवळून चाकाच्या बेअरिंगवर बसली, की पाणी रबरी सील ओलांडून आत शिरतं आणि ग्रीस धुऊन काढतं. मग काही दिवसांनी चाक घरघरायला लागतं आणि मेकॅनिकचं बिल तुमच्या हातात!

त्यापेक्षा बादली, साधा पाइप आणि गाडीचा शाम्पू पुरे. आधी इंजिन गार होऊ द्या. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा. वाळलेला चिखल खरवडायचा नाही, प्लॅस्टिकवर ओरखडे उठतात. भिजवून दहा मिनिटं सोडून द्या. एअर फिल्टर, स्विचेस आणि वायरिंगपाशी हात हलकाच ठेवा. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश वर्ज्य. चेन पुसून, सुकवून मगच ल्यूब मारा; त्याचा थेंबही ब्रेक डिस्कवर नको.

आणि हो, स्टार्टर मारण्याआधी ते फडकं काढा बरं!