वसंतातलं चिनी औषध: काय घ्यावं, काय सोडावं

होळी झाली की वस्तीतल्या मोबाइलवर एक संदेश फिरायला लागतो. ‘वसंत ऋतूत लिव्हर साफ करा, चिनी पद्धतीने.’ सोबत हिरव्या पुडीचा फोटो आणि पैसे पाठवायचा नंबर. चायनीज म्हटलं की पोरांना नाक्यावरची गाडी आठवते, पण आयाबायांना ही पुडी खरी वाटते. नायगाव, लालबाग, डिलाईल रोड, कुठेही गेलं तरी विचारतात, ‘ताई, घेऊ का हे?’

पुडी घेऊ नका. मात्र चिनी वैद्यक म्हणजे नुसती फसवणूक, असंही मी म्हणणार नाही.

चिनी वैद्यकाचा ‘हुआंगदी नेइजिंग’ नावाचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ आहे. वसंताचे तीन महिने कसे राहावं ते त्यात सांगितलंय: रात्री थोडं उशिरा झोपावं, पहाटे उठावं, केस आणि कपडे सैल सोडून अंगणात फेऱ्या माराव्यात. उशिरा झोपून पहाटे उठणं तर आपल्या बायका बारा महिने करतात, नळाला पाणीच त्या वेळी येतं! अंगण मात्र दहा बाय बाराच्या खोलीत कुठून आणायचं? तरी चालणं सोडू नका. ऊन चढायच्या आत अर्धा तास शिवाजी पार्क, दादरची फाइव्ह गार्डन्स किंवा गिरगाव चौपाटी, जे जवळ असेल ते. रक्तदाब आणि साखर असणाऱ्यांना याचा फायदा होतो, हे आजचे डॉक्टरही सांगतात.

चिनी लोक वसंताचं नातं यकृताशी आणि हिरव्या रंगाशी जोडतात, म्हणून या दिवसांत कोवळी पालेभाजी खायला सांगतात. आपल्याकडे माठ, चवळी, पालक, शेवग्याचा पाला आहेच. अंगात रक्त कमी असलेल्या मुलींनी ती रोज खावी, वर लिंबू पिळावं. पण त्यांच्या शास्त्रातलं ‘यकृत’ म्हणजे राग, डोळे, स्नायू अशा कितीतरी गोष्टींचं गाठोडं आहे. रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसतं ते लिव्हर वेगळं. ते पुडीने धुऊन निघत नाही. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर काविळीची माळ नको आणि हिरवी पुडीही नको. रक्त तपासून घ्या.

आणखी एक फरक. उत्तर चीनमध्ये वसंत थंड वाऱ्याचा असतो, म्हणून गरम कपडे लवकर काढू नका असं तिथे म्हणतात. ते मुंबईत लागू करू नका. मार्चच्या उन्हात तान्ह्या बाळाला स्वेटर-टोपी घालून गुंडाळलेलं मी दरवर्षी बघते. बाळ घामोळ्यांनी लाल झालेलं असतं आणि आजी म्हणते, ‘वारा लागेल.’ सुती झबलं पुरे.

पुडीला माझा एवढा विरोध का? १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांत अ‍ॅरिस्टोलोकिया नावाची विषारी वनस्पती मिसळलेली होती. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. वनस्पती आहे म्हणजे अपाय नाही, ही समजूत महाग पडते. आपल्याकडे सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दुखणं दोन दिवसांत थांबतं, तोंड सुजतं, साखर वाढते. वॉर्डात असताना अशा किती बायका पाहिल्या!

आता दुसरी बाजू. चौथ्या शतकात गे होंग नावाच्या चिनी वैद्याने तापावर एक उपाय लिहून ठेवला होता: छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तो रस प्यावा. मलेरियावर औषध शोधण्यासाठी चीन सरकारने १९६७ मध्ये गुप्त मोहीम सुरू केली. त्यात थू योयो या बाईंनी जुनी पुस्तकं चाळताना हे वाचलं. त्यात उकळायला सांगितलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. उष्णतेने गुण जात असणार म्हणून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला. आधी उंदरांना, माकडांना दिला, मग माणसांना द्यायच्या आधी स्वतः घेतला. त्यातून १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन हाती आलं आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज फाल्सिपेरम मलेरियाच्या रुग्णाला सरकारी दवाखान्यात दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत याच घराण्यातलं औषध असतं. जुन्या पोथीतला उपाय असा तपासून, मोजून, डोस ठरवून औषध होतो. त्याच वनस्पतीचा ‘चहा’ विकत मिळतो, तो मलेरियावर घेऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात रक्त द्या. आणि पाऊस यायच्या आधीच चाळीच्या टाक्यांची झाकणं बघून घ्या, कारण मुंबईतला मलेरियाचा डास टाकीच्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

सुयांचं काय, असंही विचारतात. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चार डॉक्टरांबरोबर चीनला गेले आणि जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला, म्हणून जुन्या लोकांना हे नाव माहीत आहे. त्यांच्याबरोबर गेलेले डॉ. बिजय बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५चा कायदा आहे, परिषदेकडे नोंदणी लागते. तेव्हा सुया टोचून घ्यायच्या आधी नोंदणी क्रमांक विचारा आणि सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा. वापरलेल्या सुईतून काविळीचा बी विषाणू आणि एचआयव्ही पसरू शकतो. विचारायला लाजू नका, रागावला तर उठून या.

सुईशिवाय घरी करून बघण्यासारखं एक आहे. मळमळीवर मनगटाच्या आतल्या बाजूचा बिंदू दाबतात. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने शस्त्रक्रियेनंतरच्या आणि केमोथेरपीच्या मळमळीवर अ‍ॅक्युपंक्चर उपयोगी असल्याचं मान्य केलं, ते मुख्यतः याच बिंदूबद्दल. टाटा हॉस्पिटलला ये-जा करणारं घरात कोणी असेल तर लक्षात ठेवा, पण डॉक्टरांनी दिलेली उलटीची गोळी चालूच ठेवायची. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधे, अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबा. दुखेल इतकं नको. बसच्या प्रवासात मळमळणाऱ्यांनीही करून बघावं. उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, तर दाबत बसू नका, दवाखाना गाठा.