घर हीच शाळा

मुलाला घरीच शिकवू पाहणाऱ्या आईबापांना पहिली धास्ती असते ती ही, की हे आपल्याला साधेल काय? पंडिता रमाबाईंच्या मातोश्री लक्ष्मीबाई लग्नानंतर पतीकडून संस्कृत शिकल्या आणि घरकामाआधी, पहाटे, लेकीला पढवू लागल्या. त्याच लेकीला १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ म्हणून गौरविले.

तेव्हा वेळ थोडा, पण नेमाचा ठेवावा. शिकविलेले मुलाच्या तोंडून ऐकावे. आपणांस न येणारे त्याच्यासोबत शिकण्यात कमीपणा मानू नये. परीक्षेचीही चिंता नको. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे चौदा वर्षे पुरी झाल्यावर दहावीला बसता येते. सोबती मात्र घरात मिळत नाहीत. त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी मुलाला मैदानावर धाडलेच पाहिजे.