लेखांक ७ : मोकळ्या पानाचाही सातबारा

प्रत्येक प्रोग्रॅमला आपली मेमरी सलग आणि ऐसपैस वाटते, पण प्रत्यक्षात तिचे तुकडे रॅमभर विखुरलेले असतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. मग खऱ्या रॅमचा हिशेब ठेवतं कोण? कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आज लिनक्सच्या कर्नलची वही उघडू, कारण ती कोणालाही वाचायला खुली आहे.

आपल्या नेहमीच्या संगणकांवर लिनक्स रॅमची ४०९६ बाइटांची पानं पाडतो. १६ जीबी रॅम असेल तर पानं होतात ४१,९४,३०४. पत्त्याला ४०९६ ने भागलं की पानाचा क्रमांक हाती येतो. प्रत्येक पानामागे एक नोंद असते, तिचं नाव 'स्ट्रक्ट पेज'. पडीक जमिनीचाही सातबारा असतो, तशी पान वापरात असो वा नसो, नोंद असतेच. ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर ती सहसा ६४ बाइटांची असते. म्हणजे १६ जीबीतले २५६ एमबी नुसत्या हिशेबाला गेले!

या नोंदीतला सगळ्यात मोलाचा आकडा म्हणजे संदर्भसंख्या : हे पान या क्षणी किती जणांनी धरून ठेवलं आहे. एका प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमने, दुसरीला जन्म दिला की दोघी सुरुवातीला तीच पानं वाटून घेतात, आणि संख्या वाढते. एक संपली तर संख्या उतरते, पण पान जागेवरच राहतं. शून्य झाली की मगच ते मोकळं. या मोजणीत एकाची जरी चूक झाली तरी परिणाम गंभीर होतात. संख्या जास्त राहिली तर ते पान कधीच सुटत नाही. कमी झाली तर वापरात असलेलं पान भलत्याला दिलं जातं आणि एकाचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती पडू शकतो. कर्नलमधल्या कित्येक सुरक्षा-त्रुटींचं मूळ अशाच चुकलेल्या मोजणीत सापडतं.

नोंदीत आणखी ८ बाइट वाढवायचे म्हटलं, तर याच संगणकावर ३२ एमबी खर्ची पडतात. म्हणून एकच जागा पानाच्या स्थितीनुसार वेगवेगळ्या कामाला लावतात. फाईलचं पान असेल तर तिथे वापराच्या क्रमवारीतल्या शेजाऱ्यांचे पत्ते असतात. पान मोकळं असेल तर मोकळ्यांच्या यादीतल्या शेजाऱ्यांचे. ही काटकसर मला फार लोभस वाटते, पण तिने कोड वाचायला अवघड होतो हेही खरं. सलग पानांचा गट एकच म्हणून हाताळता यावा यासाठी मॅथ्यू विलकॉक्स यांनी आणलेली 'फोलिओ' ही रचना २०२२ च्या जानेवारीत आलेल्या ५.१६ आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे.

आता मोकळी पानं. ती शोधायला चाळीस लाख नोंदी चाळत बसणं परवडणार नाही. म्हणून १, २, ४, ८ अशा दुपटीच्या गठ्ठ्यांच्या वेगळ्या याद्या असतात. सहसा १०२४ पानांपर्यंत. केनेथ नोल्टन यांनी ही 'बडी' म्हणजे जोडीदार पद्धत १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. समजा, १२ ते १५ क्रमांकाची चार पानं सुटली. त्यांचा जोडीदार ८ ते ११. कारण १२ द्विमानात ११००. त्यातला चारचा बिट उलटवला की १०००, म्हणजे ८. शोधाशोध नाही, एक बिट उलटवला की झालं. जोडीदारही अख्खा मोकळा असेल तर ८ ते १५ हा आठांचा गठ्ठा होतो, आणि मग त्याच रीतीने ० ते ७ कडे बघायचं. मागणी छोटी आली तर उलट दिशेने मोठा गठ्ठा अर्धा-अर्धा फोडायचा.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर 'प्रोक' फोल्डरातली 'बडीइन्फो' ही फाईल उघडून पाहा. डावीकडच्या आकड्यात सुटी पानं, पुढे प्रत्येक रकान्यात दुपटीचे गठ्ठे. काही तास ब्राउझर वापरून पुन्हा पाहा आणि उजवीकडचे आकडे किती बदलले ते टिपून ठेवा. सगळेच रकाने आटत आले तर कर्नल काय करतो, ते पुढच्या लेखांकात.