दार बंद आहे, आत कशी जाऊ?

चौतीस वर्षे मी मुलांच्या परीक्षा घेतल्या. पेपर काढले, तपासले, बाकाखालच्या चिठ्ठ्या पकडल्या. निवृत्तीनंतर हा उद्योग संपला, असे मी समजून चाललो होतो, पण गेल्या पावसाळ्यात माझी पुतणी घरी आली आणि म्हणाली, "काका, एक परीक्षा आहे. बसाल का?"

ही पुतणी संगणकाच्या एका कचेरीत काम करते. एका विद्यापीठाने (नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे) त्यांच्याकडून 'आभासी परिसर-दर्शन' करवून घेतले होते. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनी घरबसल्या मोबाइल उघडावा, विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरावे आणि हवे तिकडे फिरावे, अशी कल्पना. बोट सरकवले की चित्र वळते. जमिनीवरच्या पांढऱ्या वर्तुळाला बोट लावले की आपण चार पावले पुढे जातो.

कल्पना चांगली आहे, यात शंका नाही. दिल्ली विद्यापीठाने 1962 साली टपालाने शिकवण्याचे वर्ग काढले. पुढे 1985 मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आले, 1989 मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आले. घर आणि नोकरी सांभाळून पदवी घेणारी माणसे आता आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत निघतील. पण ज्या विद्यापीठाचा शिक्का आपल्या गुणपत्रिकेवर आहे, त्याचे फाटकसुद्धा यांतल्या कितीतरी जणांनी पाहिलेले नसते.

असल्या चित्रफेरीची युक्तीही तशी जुनीच. 1978 च्या सुमारास अमेरिकेतल्या एम. आय. टी. च्या मंडळींनी ॲस्पेन नावाच्या गावात मोटारीच्या टपावर कॅमेरे बसवले आणि दर दहा फुटांवर छायाचित्रे घेत सारे रस्ते पालथे घातले. मग पडद्यासमोर बसून माणूस त्या गावात डावी-उजवीकडे वळू शकत असे. आता मोटारही लागत नाही. पाठीला पाठ लावलेली दोन भिंगे असलेला मुठीएवढा कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा. तो एका दमात चहूबाजूंचे, वरचे आणि खालचेही टिपतो. ते चित्र सपाट कागदावर पसरले, तर जगाच्या नकाशात ग्रीनलंड फुगते तसा त्यात छताचा नि जमिनीचा भाग फुगलेला दिसतो. मोबाइल ते पुन्हा गोल करून आपल्याभोवती गुंडाळतो, इतकेच.

तर मी परीक्षेला बसलो. "ग्रंथालयात जा," एवढाच प्रश्न. मी बोट सरकवले ते जरा जोरात; विद्यापीठ गरगर फिरले आणि मी कारंज्यासमोर उभा राहिलो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा कारंजे. तिसऱ्यांदा कारंजे आले तेव्हा मी ओशाळून म्हणालो, "आमचं वयच झालं गं."

"काका, तुम्ही नापास नाही झालात. आमचं पान नापास झालं," ती लिहिता लिहिता म्हणाली.

या परीक्षेचा नियमच तसा आहे. वापरणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचे. शेजारी बसणाऱ्याने फक्त ऐकायचे आणि टिपून घ्यायचे. सुचवायचे नाही, हात पुढे करायचा नाही. माणूस अडला तर अडू द्यायचा, कारण तो कुठे अडतो हेच तर पाहायचे असते. माणसेही फार लागत नाहीत. याकोब नील्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी 1993 साली मांडलेला हिशेब असा, की एका माणसाकडून सरासरी 31 टक्के दोष उघडे पडतात, आणि पाच माणसांत 85 टक्क्यांच्या आसपास. माझे शिक्षकी मन म्हणाले, उरलेल्या पंधराचे काय? त्यावर तिचे उत्तर, की दोष दुरुस्त करून पुन्हा नव्या पाच जणांना बसवायचे.

त्या पाच जणांसाठी आम्ही एका तालुक्याच्या गावी गेलो. टिपणे घ्यायला म्हणून मीही एस. टी. त चढलो. अभ्यासकेंद्राच्या एका वर्गात टेबल मांडले. पहिला मुलगा वीस वर्षांचा, त्याने सारे विद्यापीठ सात मिनिटांत संपवले आणि वर "यात खेळ नाही का?" असे विचारले. दुसरे एक दुकानात हिशेब लिहिणारे गृहस्थ. त्यांच्या मोबाइलवर जाळे इतके मंद, की चित्राच्या जागी राखाडी चौकोनच हलत राहिले.

तिसऱ्या बाई अंगणवाडी सेविका. पस्तिशीच्या असतील. पुतणीने त्यांना सांगितले, "ताई, समजा तुमची परीक्षा दुसऱ्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर आहे. फाटकापासून तिथपर्यंत जा."

बाई नीट गेल्या. कारंजे ओलांडले, झाडाखालून वळल्या, इमारतीसमोर आल्या आणि थांबल्या. एक मिनिट गेले, दोन गेली.

"काय वाटतंय, ते बोला ना," पुतणी म्हणाली.

"दार बंद आहे हो मॅडम. आत कशी जाऊ?"

छायाचित्रे रविवारी काढलेली होती. गर्दी नको, परिसर स्वच्छ दिसावा, म्हणून. सगळी दारे बंद. दारावर बोट ठेवले की आत जाता येत होते; पण बंद दारावर हात ठेवायचा नाही, एवढे त्या बाईंना आयुष्याने पक्के शिकवले होते. त्या कोणीतरी दार उघडण्याची वाट पाहत होत्या.

मला राहवले नाही. "अहो, दारावरच बोट ठेवा!" मी बोललो. पुतणीने माझ्याकडे असे पाहिले, की चौथीच्या वर्गात मी कोणाकडे तसे पाहिले नसेल. पेपर फुटला होता.

बाई आत गेल्या, जिना चढल्या. मग मोबाइल खाली ठेवून म्हणाल्या, "सर, यात बायकांचं बाथरूम कुठं दाखवलंय?"

कुठेच दाखवले नव्हते. सभागृह होते, पुतळा होता, कुलगुरूंचे दालनही होते.

"तीन तासांचा पेपर असतो, आणि आमची गाडी पहाटेची. मागच्या वर्षी भाऊ संगं आला होता, त्याची दोन दिवसांची मजुरी बुडाली. औंदा एकटीनं जायचं म्हणतेय. स्टँडवर उतरल्यावर कुठल्या फाटकानं जायचं, ते यात आहे का?"

तेही नव्हते. आमची सहल फाटकाच्या आत सुरू होत होती. बाईंचे विद्यापीठ एस. टी. स्टँडवर सुरू होत होते. पुतणीने मान वर न करता सारे लिहून घेतले. मी मात्र लिहायचे विसरलो.

उरलेल्या दोघींपैकी एकीने पुन्हा बाथरूमचेच विचारले. दुसरीच्या पायात अधूपणा होता. तिला जिन्याऐवजी उतरण हवी होती, आणि उतरण इमारतीच्या मागे असूनही चित्रात आलेली नव्हती.

अहवाल गेल्यावर विद्यापीठाच्या एका अधिकाऱ्यांनी, पुतणी सांगते, नाक मुरडले. "शौचालयं काय दाखवायची? पाहुणे बघतात ते." आता पाहुण्यांना पहाटेच्या गाडीने येऊन पेपर द्यायचा नसतो, हे त्यांना कोणी सांगावे! पुतणीने वाद घातला नाही. बाईंची दोन मिनिटे तिने ध्वनिफितीसकट सभेत लावली. "दार बंद आहे हो मॅडम," हे वाक्य संपल्यावर म्हणे बराच वेळ कोणी बोलले नाही.

छायाचित्रे पुन्हा काढली, या वेळी मंगळवारी. दारे उघडी, माणसांची ये-जा, खिडकीपाशी रांग. चेहरे नियमाप्रमाणे पुसट केलेले. स्टँडपासून फाटकापर्यंतचा रस्ता आला, उतरण आली, बाथरूमवर ठळक खूण आली. शिवाय मंद जाळ्यासाठी नुसत्या आठ साध्या चित्रांचे एक पान केले. ते एकदा उतरवून घेतले की पुन्हा पैसे जात नाहीत. कारंजे राहिले आहे, पण फेरी आता तिथून सुरू होत नाही. अर्जांच्या खिडकीसमोर खांद्याला खादीची पिशवी लावून एक म्हातारा उभा दिसतो, तो मी.

परीक्षा संपल्यावर बाईंचा पुतणीला निरोप आला. एकट्याच गेल्या होत्या. जिना, खोली, सगळे चित्रातल्यासारखे सापडले. फक्त पिण्याच्या पाण्याचा नळ चित्रात आहे तिथून काढून पलीकडच्या भिंतीवर बसवला आहे, तेवढे बदलून घ्या, असे त्यांनी कळवले.